क्रेन त्यांची, भोंगा आपला

गोथेनबर्गचे फोटो टाकल्यापासून प्रत्येकाचं एकच पालुपद: "तिकडे बघ, इतिहास कसा जपतात!" मंडळी, तुम्हाला सगळ्यात आवडलेला फोटो कशाचा होता ते तरी नीट बघा. ती एक बंद क्रेन आहे.

चाकणच्या कंपनीच्या कामानं गेलो होतो. 1621 साली वसलेलं बंदर. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या इमारतीत आता शहराचं संग्रहालय आहे, ते तासाभरात उरकलं (खोटं कशाला बोलू, पाय दुखत होते). पण नदीपलीकडच्या त्या नारिंगी क्रेनपाशी थबकलो. एरिक्सबर्गची गोदी 1979 साली बंद झाली. जहाजं गेली, नोकऱ्या गेल्या, गोदीच्या जागेवर घरं उठली. 84 मीटर उंचीची क्रेन मात्र त्या घरांच्या मधोमध उभी ठेवली. ना राजवाडा, ना देऊळ. कामगारांचं अवजार.

हे शहर आपल्याला तसं परकं नाही. एसकेएफ तिथलीच, 1907 सालची. व्होल्वो तिच्याच पोटची. आणि एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आपल्या चिंचवडला.

आपण काही जपतच नाही, हे मला मान्य नाही. मोरया गोसावींचं मंदिर जपलं, चापेकरांचं स्मारक केलं. चांगलंच केलं. पण देव आणि हुतात्मे सोडून तिसऱ्या कुणाचा इतिहास असतो, हे आपल्याला पटतच नाही. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि पिंपरीत पेनिसिलिन बनू लागलं. मग एमआयडीसी आली, गावोगावची माणसं आली, चाळी झाल्या, संप झाले. त्यातले कित्येक कारखाने गेले आणि जागेवर टॉवर उभे राहिले. एखादं गेट, एखादी चिमणी, निदान भोंगा तरी ठेवलात?

"लोकांना घरं नकोत का?" असं आत्याचे यजमान विचारणार, म्हणून आधीच सांगतो: एरिक्सबर्गलाही घरंच आहेत हो! बाल्कनीतून क्रेन दिसते, आणि म्हणे त्याचा भावही येतो.

तेव्हा तिकडच्यांचं कौतुक पुरे. काका, तुमचं पंचिंग कार्ड माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. काकूनं रद्दीत घातलं नसेल तर रविवारी स्कॅन करायला येतो. बाकीच्यांनीही माळे बघा. शिफ्टचा पास, कॅन्टीनचं कुपन, काहीही चालेल.