ओटीपी आम्ही सांभाळतो, स्विच कोण सांभाळतंय?

बँकांच्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'नका' असावा. ओटीपी सांगू नका, लिंकवर क्लिक करू नका, अनोळखी अ‍ॅप टाकू नका, पिन लिहून ठेवू नका. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या वाक्यांचा कर्ता एकच असतो, 'तुम्ही'. पैसे गेले तर ते तुमच्या हातून गेले, वाचले तर तुमच्या सावधपणामुळे वाचले. 'आम्ही' या शब्दाने सुरू होणारं आणि पुढे काहीतरी ठोस सांगणारं वाक्य मला बँकेकडून आजवर आलेलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते, आणि पेमेंटच्या सिस्टिम्स आतून कशा दिसतात ते थोडंफार पाहिलेलं आहे. घर भांडगावला, दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून. घरी ऊस. उसाचं बिल बँकेत येतं, पीककर्ज सोसायटीमार्फत मिळतं, वडील एका नागरी सहकारी बँकेचे जुने सभासद आहेत. म्हणजे सायबर सुरक्षा हा विषय आमच्या घरात परिसंवादाचा नाही, पासबुकाचा आहे.

आणि या विषयातला महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा धडा आमच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर घडून गेला आहे. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून निघायला लागले. व्हिसाच्या सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. रविवार मध्ये गेला आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेली, प्लेग, दोन महायुद्धं आणि पानशेतचा पूर पाहिलेली बँक, आणि तिला एवढं भगदाड एका वीकेंडमध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. या ९४ कोटींसाठी कुणा ग्राहकाने ओटीपी सांगितला होता? कुणीच नाही. लिंकवर क्लिक करून कुणी ग्राहक फसला होता? नाही. पिन पाकिटात लिहून ठेवणारे काका यात कुठेही नव्हते.

एटीएममध्ये कार्ड घातलं की प्रश्न आधी बँकेच्या 'स्विच'कडे जातो. स्विच तो कोअर बँकिंगला विचारतो: हे खातं आहे का, पैसे आहेत का? होकार आला तर स्विच मशीनला सांगतो, दे. ऊसवाल्यांना कळेल असं सांगायचं तर स्विच म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा माणूस. तो आत ऑफिसला विचारून ट्रॉली सोडतो. कॉसमॉसमध्ये चोरांनी ऑफिस फोडलं नाही. त्यांनी गेटच्या अलीकडे आपला एक माणूस बसवला. येईल त्या ट्रॉलीला हा म्हणतो, 'जा'. आत ऑफिसचं रजिस्टर अगदी स्वच्छ, कारण त्याला कुणी काही विचारलेलंच नाही. बनावट स्विचने मंजुऱ्या दिल्या, बनावट कार्डांनी पैसे काढले, कोअर बँकिंगला पत्ता नाही.

या रचनेमुळेच बँकेला नंतर एक वाक्य अगदी खरेपणाने म्हणता आलं: ग्राहकांची खाती सुरक्षित आहेत. खरंच होती. कुणाच्या बचत खात्यातून रुपया कमी झाला नाही, बँकेने नुकसान स्वतःवर घेतलं. वर्तमानपत्रांनी हे वाक्य छापलं, लोकांनी सुस्कारा सोडला. मला हा सुस्कारा फार खटकतो. सहकारी बँकेत 'बँकेचं नुकसान' म्हणजे नेमकं कुणाचं? तिथे मालक म्हणून कुणी शेठ बसलेला नाही. भागभांडवल सभासदांचं, राखीव निधी सभासदांचा, नफ्यातून लाभांश निघतो तो सभासदांचा. ठेवीदाराच्या खिशातून गेले नाहीत ते त्याच माणसाच्या दुसऱ्या खिशातून, सभासदाच्या खिशातून गेले. आपल्याकडे बरेचदा ठेवीदार आणि सभासद हा एकच माणूस असतो, फक्त त्याला ते कुणी सांगत नाही.

पुढे पोलीस तपास झाला, आणि तो चांगला झाला हे मान्य करायलाच हवं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. पण ही माणसं कोण होती? बनावट कार्डं घेऊन इथल्या एटीएमसमोर उभे राहिलेले हात. ज्यांनी स्विच बसवला ते डोकं त्या पिंजऱ्यात नव्हतंच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात कॉसमॉसचा उल्लेख उत्तर कोरियाशी जोडलेल्या हल्ल्यांमध्ये केला. एका बाजूला एका देशाची यंत्रणा, दुसऱ्या बाजूला पुण्यातली सहकारी बँक. आणि आपण भांडगावात पोस्टर लावतोय, 'सतर्क राहा'.

सुट्टीचा वार निवडणं हे काही कॉसमॉसपुरतं नव्हतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर हल्ला झाला तो गुरुवारी रात्री. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, मग न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या बांगलादेशच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे ३५ आदेश स्विफ्टवरून गेले. त्यातले बहुतेक अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या एका बँकेत पोचले. ढाक्यात व्यवहारांच्या नोंदी आपोआप छापणारा प्रिंटर चोरांनी आधीच बंद पाडला होता. श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर वाचले त्यात 'फाउंडेशन' या शब्दाच्या चुकलेल्या स्पेलिंगचा वाटा होता. एका देशाचं परकीय चलन स्पेलिंगच्या चुकीने वाचतं, हे वाचून मला हसू आलं होतं. नंतर नाही आलं.

पण या गोष्टीतला माझ्या कामाचा भाग पुढे आहे. बांगलादेश बँकेने हे प्रकरण आपल्याच सरकारपासून महिनाभर लपवलं. जगाला ते कळलं फिलिपिन्समधल्या एका वर्तमानपत्रामुळे. गव्हर्नर अतिउर रहमान यांना मार्चमध्ये राजीनामा द्यावा लागला.

लपवण्याची ही सवय फक्त ढाक्याची नाही. आपल्याकडच्या बँकवाल्या मंडळींशी मी या विषयावर अनेकदा वाद घातलाय, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षेच्या गोष्टी उघड बोलायच्या नसतात. बोललं तर चोर सावध होतात आणि ठेवीदार रांगा लावतात. पैकी रांगांची भीती मला समजते. २०१९ मध्ये पीएमसी बँकेबाहेरच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. पण त्या रांगा कुणी खरं सांगितल्यामुळे लागल्या नव्हत्या, वर्षानुवर्षं खोटी कागदपत्रं दाखवल्यामुळे लागल्या होत्या. आणि चोर सावध होतील हा युक्तिवाद तर माझ्या धंद्यातला माणूस ऐकूनच घेणार नाही. तुमच्या फायरवॉलचे नियम मला नकोत, पासवर्ड नकोत. शेवटची चाचणी कधी झाली, किती गंभीर त्रुटी निघाल्या, त्यातल्या किती अजून उघड्या आहेत, एवढे आकडे दिल्याने चोराला काहीही मिळत नाही. सभासदाला मात्र खूप मिळतं. कॉसमॉसवर हल्ला व्हायच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने अशाच एटीएम-लुटीचा इशारा बँकांना दिला होता. तोही गोपनीय होता. १२ तारखेला एका पत्रकाराने तो जाहीर केला, तोवर पैसे निघून गेले होते.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २ जून २०१६ ला आली. नागरी सहकारी बँकांसाठीची मूलभूत चौकट आली १९ ऑक्टोबर २०१८ ला. कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. मग ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांचे चार स्तर करून सविस्तर नियम आले: जेवढी डिजिटल सेवा जास्त, तेवढ्या अटी कडक. कागदावर हे शहाणपणाचं आहे. अडचण अशी की छोट्या बँकेचं सॉफ्टवेअर छोट्या बँकेत नसतंच. ते कुणा तरी कंपनीकडे असतं, तिचं काम आणखी कुणा कंपनीकडे.

३१ जुलै २०२४ ला हे सगळ्यांना दिसलं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही स्टेट बँक आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती तंत्रसेवा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसताच एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं. जवळपास तीनशे छोट्या बँकांचं यूपीआय आणि एटीएम बंद. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली, आणि जाळ्यापासून तोडण्याचा निर्णय योग्यच होता, माझ्या मते. पण विचार करा. तीनशे संचालक मंडळं, तीनशे अध्यक्ष, हार-तुऱ्यांच्या तीनशे वार्षिक सभा, आणि या सगळ्यांच्या हातात त्या दिवशी करण्यासारखं काय होतं? वाट पाहणं.

तंत्रज्ञान बाहेरून घेण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे तपशीलवार निर्देश १० एप्रिल २०२३ चे आहेत. त्यांतून टियर एक आणि टियर दोनच्या नागरी सहकारी बँका, म्हणजे हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या, वगळल्या आहेत. कारण सांगितलं जातं ते 'झेपणार नाही'. अहो, ज्या बँकेकडे स्वतःचा एक धड सिस्टिम अ‍ॅडमिन नाही, जी कंपनीवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, तिलाच करारात काय लिहून घ्यायचं याचं बंधन नाही! झेपत नसेल तर दहा बँकांनी मिळून एक सुरक्षा पथक नेमावं. सहकार हा शब्द पाटीवर रंगवायलाच आहे का?

गेल्या वर्षी गावात एका बँकेने सायबर जागृतीचा कार्यक्रम घेतला. बँकेचं नाव घेत नाही, कारण तिच्या जागी दुसरी असती तरी हेच झालं असतं. मंडप, बॅनर, चहा, कॅलेंडरं. तरुण अधिकारी, बोलायला चांगला, त्याने तासभर 'नका'ची यादी वाचली. मागच्या बाकावरून एका आजोबांनी विचारलं, "साहेब, आमचा नंबर आम्ही न्हाई सांगणार. पर बँकेचाच कुनी नेला तर?" लोक हसले. अधिकारीही हसला आणि म्हणाला, "बाबा, ते सगळं वर बघतात." वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. तोवर कॅलेंडरं वाटायला सुरुवात झाली होती.

मला त्या अधिकाऱ्याचा राग नाही. त्याला तेवढंच शिकवून पाठवलं होतं. राग याचा आहे की त्याच तासाभरात जी गोष्ट सांगणं बँकेचं कर्तव्य होतं ती सांगितली गेली नाही. १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे सहकारी बँकेच्या ग्राहकालाही संरक्षण आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या यंत्रणेत कुठेतरी झाली असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. मंडपातल्या किती जणांना हे माहीत होतं? तिथे तर उलटं बिंबवलं जात होतं की गेले तर तुमचेच हलगर्जीपण.

यावर कुणी म्हणेल, बाई, बहुतेक फसवणुकी ओटीपी सांगूनच होतात. संख्येने होत असतील. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची कमाई जातेय, ते दुःख खरं आहे आणि १९३० हा नंबर सगळ्यांना पाठ हवाच. पण ग्राहक फसला तर एक घर बुडतं. स्विच फसला तर बँक हलते, आणि आमच्या भागात एक बँक हलली की पीककर्ज, खतं, ऊसतोडीची उचल, लग्नं, सगळं हलतं. ठेवीला विमा आहे, पाच लाखांपर्यंत. शेअरला नाही.

वडिलांच्या बँकेचा वार्षिक अहवाल मी पूर्ण वाचला. गुळगुळीत कागद, संचालकांचे फोटो, एनपीएचे तक्ते, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. सायबर सुरक्षेवर एक वाक्य, 'आपली बँक अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सज्ज आहे'. हे वाक्य लिहिणाऱ्याला सज्ज म्हणजे काय हे विचारायचा अधिकार वडिलांना आहे, मला नाही, कारण शेअर त्यांच्या नावावर आहेत. म्हणून सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेसाठी आम्ही दोघांनी मिळून प्रश्न लिहिले आहेत. बँकेचा एटीएम स्विच कुणाकडे आहे, आणि त्या कंपनीने काम पुढे कुणाला दिलं आहे? कोअर बँकिंगने न दिलेली मंजुरी स्विचने दिली तर ते किती मिनिटांत कळतं, आणि रविवारी ते कोण पाहतं? शेवटची बाहेरची तपासणी कधी झाली, किती गंभीर त्रुटी निघाल्या, किती बाकी आहेत? सेवा देणारी कंपनी उद्या जाळ्यापासून तोडली गेली तर शाखेत रोख देण्याची सोय किती दिवस चालेल? सायबर विमा आहे का, किती रकमेचा?

वडिलांनी मसुदा वाचून दोन बदल सुचवले. 'स्विच'पुढे कंसात 'गेटवरचा माणूस' लिही म्हणाले, संचालकांना कळायला हवं. आणि रविवारचा प्रश्न पहिला घ्यायला सांगितला. प्रश्न आगाऊ लेखी द्यावे लागतात. पोच घेऊन देणार आहोत.