‘सोड त्याला’ म्हणण्याआधी

हाताला सूज आलेली एखादी बाई ओपीडीत येते. बरोबर आई किंवा बहीण असते. काय झालं, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा बरोबर आलेलीच देते, ‘जिन्यावरून पडली.’ पडताना माणूस सहसा तळहात टेकतो. मार चुकवताना मात्र हात आडवा धरतो. म्हणूनच मनगट ते कोपर या भागात, बाहेरच्या कडेला काळेनिळे डाग दिसले की डॉक्टरला शंका येते. बरोबरच्या बाईला तर खरं काय ते माहीतच असतं. तरीही केसपेपरवर ‘पडल्यामुळे’ असं लिहिलं जातं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही तसं लिहिलं आहे. रुग्णाला बाजूला घेऊन दोन शब्द विचारायला हवे होते, हे उशिरा कळलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. अशी हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या देशात फक्त १४ टक्क्यांच्या आसपास आहेत. बाकीच्या गप्प का राहतात? मला वाटतं, याचं एक कारण आपण आहोत.

माहेरची माणसं दोनच गोष्टी सांगतात. आधी, ‘थोडं सांभाळून घे, मुलांकडे बघ.’ मग कधीतरी संयम सुटला की, ‘आत्ताच्या आत्ता निघून ये. परत त्याच्याकडे गेलीस तर आम्हाला तोंड दाखवू नकोस.’ पहिला सल्ला चूक आहे, हे आता बऱ्याच जणांना पटतं. दुसराही तितकाच घातक आहे. नवरा हुकूम सोडतो, तसा हाही हुकूमच. पैसा, मुलं, भीती, अजून उरलेली आशा, अशा अनेक कारणांनी बाई अनेकदा परत जाते. तेव्हा माहेरचं दार बंद झालेलं असेल, तर पुढच्या मारानंतर ती कुणाकडे जाणार?

मग करायचं काय? ती एकटी असताना विचारा, मध्ये न बोलता ऐका. ‘तुझं काय चुकलं?’ असं विचारू नका. ‘माझा विश्वास आहे, यात तुझा दोष नाही,’ एवढं म्हणा. तिला न विचारता नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग तिच्यावरच निघतो. तो तिचा फोन तपासत असेल, तर या विषयाचे मेसेज पाठवू नका. आधार कार्ड, बँकेचे आणि मुलांचे कागद यांच्या प्रती आपल्याकडे ठेवा. घर सोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून तो बेत शांतपणे आखा.

एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षू नका. त्याने गळा आवळला असेल, तर बाहेरून खूण नसली तरी तिला लगेच रुग्णालयात न्या. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वास अडकणं ही आतल्या इजेची चिन्हं आहेत. सूज काही तासांनीही वाढू शकते. शिवाय गळा आवळणारा माणूस पुढे जीवही घेऊ शकतो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार, घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही माहिती देऊ शकतं. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. जिवावर बेतलं तर ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र दोन दशकांहून अधिक काळ हेच काम करत आहे.

आणि ती परत गेलीच, तर चार दिवसांनी नेहमीसारखा फोन करा. भाजी काय केली, मुलाची परीक्षा कशी झाली, एवढंच विचारा. त्यातूनच तिला कळतं की आपल्याला अजून कुणीतरी आहे.