जिद्द हवीच, पण आधी शिदोरी मोजा!

"हार मानू नका" हे तुम्ही शंभर व्हिडिओंत ऐकलंय. माझं मत जरा वेगळं आहे: नुसत्या जिद्दीवर धंदा तरत नाही.

13 ऑक्टोबर 1972 ला उरुग्वेचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. 45 जणांपैकी 16 वाचले, तेही 72 दिवसांनी. नांदो पराडोची आई आणि बहीण गेली. मदत आणायला तिघे निघाले. पण आधी विमानातल्या इन्सुलेशनची स्लीपिंग बॅग शिवली. शिखरावरून बघतात तर पुढेही डोंगरच! मग त्यांनी तिसऱ्याला मागे पाठवलं, म्हणजे त्याच्या वाटणीचं अन्न दोघांना पुरेल. दहा दिवस चालून दोघे माणसांपर्यंत पोहोचले.

पुढे पराडोने वडिलांचा हार्डवेअरचा धंदा सांभाळला. नट-बोल्ट, स्क्रू! एवढं सोसलेल्या माणसालाही रोजचं दुकान कमीपणाचं वाटलं नाही.

तुमचा पहिला धंदा बुडालाय? मग आज वही काढा. हातात रोकड किती, महिन्याचा खर्च किती, किती महिने निघतील? जो माल नुसता पैसा अडकवतो तो थांबवा. मगच पुढचा डोंगर चढा.