अधिकारांच्या पायऱ्या कमी करा

विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, असे आपण नेहमी ऐकतो. पण कोण काय काय करू शकतो, हे इंग्रजी विकिपीडियापुरते लिहायला घेतले तरी फळा भरेल. खाते नसलेला, नवे खाते काढलेला, ४ दिवस आणि १० संपादने पूर्ण केलेला, ३० दिवस आणि ५०० संपादने पूर्ण केलेला. पुढे नव्या पानांवर नजर ठेवणारा, बदल झटक्यात उलटवणारा, पानाचे नाव बदलणारा, साचे दुरुस्त करणारा. मग प्रचालक, स्वीकृती अधिकारी आणि शेवटी लोकांचे आयपी पत्ते पाहू शकणारे मोजके जण.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून दोन्ही विकिपीडिया वापरतो. मराठी २००३ पासून आहे, उर्दू २००४ पासून. मराठीत ज्याला सदस्य म्हणतात त्याला उर्दूत सारिफ, आणि प्रचालकाला मुंतज़िम. शब्द वेगळे, सॉफ्टवेअर मात्र एकच. त्यामुळे लाखो लोकांच्या घरासाठी बांधलेला जिना थोड्या माणसांच्या घरातही येऊन बसतो.

या पायऱ्या उगाच झालेल्या नाहीत, हे मान्य करायला हवे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सायगेनथेलर यांचा संबंध केनेडींच्या हत्येशी जोडणारा खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. त्यानंतर खाते नसलेल्यांना इंग्रजीत नवे पान काढण्यास बंदी झाली. प्रचालकांवरचा भार वाढला तेव्हा २००८ मध्ये बदल उलटवण्याचा अधिकार वेगळा काढून इतरांनाही देण्यात आला. हेतू चांगलाच होता. पण पायरी वाढवायला निमित्त मिळते, कमी करायला कोणी पुढे येत नाही.

याची किंमत नवा माणूस मोजतो. एखादे बटण आपल्याला का दिसत नाही, हे त्याला कळत नाही. आपल्याला मुद्दाम अडवले, असे वाटून तो निघून जातो. गावचा उरूस, जुने शाहीर, बंद पडलेली उर्दू शाळा यांची माहिती ज्यांच्याकडे आहे ते बहुतेक वयस्क आहेत. ते नियमांची पाने वाचत बसणार नाहीत. ते गेले की ती माहितीही जाईल.

माझे म्हणणे साधे आहे. अधिकार वाटताना एकच प्रश्न विचारावा : चूक झाली तर ती परत दुरुस्त होईल का? लिहिणे, नाव बदलणे, बदल उलटवणे हे सगळे इतिहासात राहते आणि पूर्ववत करता येते. म्हणून थोडे दिवस नीट काम केलेल्या प्रत्येकाला हे एकत्र द्यावे. पान वगळणे, कोणाला अडवणे हे प्रचालकाकडे असावे, तेही ठरावीक मुदतीसाठी. आयपी पत्ता पाहणे मात्र वेगळेच ठेवावे. एकदा कोणाची ओळख बाहेर पडली की ती परत झाकता येत नाही. तो अधिकार ही अमानत आहे, बढती नव्हे.

यावर आक्षेप येईल की पायऱ्या कमी केल्या तर थोड्यांच्या हाती सत्ता जाईल. क्रोएशियन विकिपीडियाचे उदाहरण पाहा. तिथे पायऱ्या होत्याच, तरी प्रचालकांच्या एका गटाने अनेक वर्षे तो ताब्यात ठेवून इतिहास अतिउजव्या राष्ट्रवादी बाजूला झुकवला. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्याचा अहवालच प्रसिद्ध केला. तिथे पायऱ्या कामी आल्या नाहीत. प्रश्न विचारणारी पुरेशी माणसे असती तर उपयोग झाला असता, आणि अशी माणसे दार सोपे असेल तरच येतात.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर साध्या खातेदाराला जगातला कोणताही रस्ता दुरुस्त करता येतो, वर देखरेखीला थोडे लोक असतात. नासधूस तिथेही होते आणि ती उलटवलीही जाते. मराठी आणि उर्दू विकिपीडियावरच्या जाणत्यांनी निदान आपल्याकडची यादी एकदा समोर ठेवावी, आणि ज्या पायरीचे कारण दोन ओळींत सांगता येत नाही ती काढावी.