टर्बो नसलेल्या सुपरकार संपत चालल्यात, मग फेरारीला सूट कशी मिळते?

ऑगस्ट २०२४ मध्ये लॅम्बोर्गिनीने हुराकानच्या जागी टेमेरारिओ आणली. हुराकानमध्ये ५.२ लिटरचं व्ही१० इंजिन होतं. नव्या गाडीत ४ लिटरचं व्ही८ आहे, सोबत दोन टर्बो आणि तीन इलेक्ट्रिक मोटर. ताकद थेट ९२० हॉर्सपॉवर. तरी जुन्या इंजिनासाठी हळहळणारे कमी नव्हते. तशाच व्ही१० वर चालणारी ऑडी आर८ तर त्याच वर्षी मार्चमध्ये कायमची बंद झाली होती.

हे इंजिन ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’, म्हणजे बाहेरची हवा स्वतःच ओढून घेणारं. टर्बो असेल तर एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून आत भरतो. साधं इंजिन यात दुर्मिळ मुळीच नाही, आपल्याकडच्या स्विफ्टचं १.२ लिटरचं इंजिनही याच जातीचं. पण टर्बोशिवाय भरपूर ताकद हवी असेल तर दोनच रस्ते उरतात: इंजिन मोठं करा, नाहीतर ते वेगाने फिरवा. पोर्शे ९११ जीटी३ चं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जातं. पाय दाबला की क्षणात प्रतिसाद आणि मोकळा आवाज, चाहते वेडे होतात ते यासाठी. वेगात मात्र टर्बोवाल्या गाड्या कधीच पुढे गेल्यात.

अडचण आहे ती नियमांची. मोठं इंजिन म्हणजे जास्त इंधन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड. युरोपीय संघात २०२५ ते २०२९ या काळात नव्या गाड्यांसाठी सरासरी लक्ष्य किलोमीटरला ९३.६ ग्रॅम आहे. विषारी वायू आणि कणांची मर्यादा वेगळीच. २०२४ च्या जीटी३ ला चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि दोन पार्टिक्युलेट फिल्टर बसवावे लागले. ताकद ५१० हॉर्सपॉवरवर टिकली, पण टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन-मीटरवर आला. नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलना ‘युरो ७’ लागू होतंय.

गंमत म्हणजे पोर्शेच्या ७१८ केमनचा युरोपीय संघातला बळी धुराने घेतलाच नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षेच्या नियमात ती बसेना, म्हणून तिथली विक्री थांबली. मर्यादित संख्येत बनणारी महागडी जीटी४ आरएस मात्र सुटली.

फेरारीचंही असंच. युरोपीय संघात वर्षाला १०,००० पेक्षा कमी गाड्या नोंदवणाऱ्या कंपनीला २०३५ पर्यंत कार्बनचं स्वतःपुरतं सैल लक्ष्य मागता येतं. फेरारीने २०२४ मध्ये जगभरात मिळून १३,७५२ गाड्या दिल्या, त्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते. म्हणूनच ९,५०० फेऱ्यांची, ६.५ लिटर व्ही१२ ची ‘१२ चिलिंद्री’ शक्य झाली. १,००० पेक्षा कमी गाड्या विकणाऱ्यांना तर लक्ष्यच नाही.

परिणाम उलटा झालाय. १९९९ ची होंडा एस२००० दोन लिटरच्या इंजिनात ९,००० फेऱ्या देत होती आणि ती अब्जाधीशांची गाडी नव्हती. आता हा आनंद युरोपात जवळजवळ त्यांच्यापुरताच उरतोय.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. इंधनबचतीचे निकष न पाळल्याचा दंड तिथे २०२५ च्या कायद्याने शून्यावर आणला. शेव्हरोले कॉर्व्हेट झी०६ चं ५.५ लिटरचं व्ही८ तिथे ६७० हॉर्सपॉवर देतं. तेच इंजिन युरोपच्या नियमांत बसवल्यावर ६३७ वर येतं.