भर दुपारचा दहा मिनिटांचा खेळ

मे महिन्यात आपलं दिवसभर एकच पालुपद असतं, "उन्हात जाऊ नका रे!" पण मैत्रिणींनो, याच महिन्यात एक दुपार अशी येते, की मुलांना आपणच गच्चीवर न्यावं. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. कोल्हापुरात हे साधारण ६-७ मेला घडतं, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास.

सकाळी आठला सपाट जागी एक सरळ उभा डबा ठेवावा नि सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. ही पहिली खूण मुलांच्या वडिलांकडून करून घ्यावी, म्हणजे ऑफिसात गेले तरी तेही खेळात राहतात! दहाला दुसरी खूण. मग पुण्या-मुंबईकडे साडेबाराच्या सुमारास, नागपूरला बारा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी वर जावं. पायांत चपला, डोक्यावर टोपी हवीच. सूर्याकडे मात्र मुळीच बघू द्यायचं नाही. दहा मिनिटांत खाली यायचं, की पन्हं तयार! जुलै-ऑगस्टात हा योग पुन्हा येतो खरा, पण तेव्हा बहुधा ढग आड येतात. म्हणून मे चुकवू नका.