तपासणी निर्यातीच्या द्राक्षांची. आपल्या पाटीचे काय?



आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत आपल्यापैकी कित्येकजण रोजंदारीने राबतात. भुरी, केवडा, करपा हे रोग आले की बुरशीनाशक फवारावे लागते. फवारणीनंतर ठरावीक दिवस तोडणी करू नये, असा दंडक आहे. भाव चढला की तो मोडला जातो आणि औषधाचा अंश फळात राहतो.

2010 साली महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेबाहेर सापडला आणि युरोपात माल अडकला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षबागेची नोंदणी होते, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. आपल्या बाजारातल्या प्रत्येक पाटीमागे अशी तपासणी नसते. वेल तीच, फवारणी तीच. मग आपल्या लेकरांच्या पोटाला वेगळे माप का?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 आपल्यासाठीही आहे. त्याच्या कलम 40 नुसार साधा ग्राहकही फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. एकट्याला फी जड जाईल. महिला मंडळाने वर्गणी काढून हे काम करावे.

घरी फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. वरचा अंश बराच निघतो. पण कार्बेन्डाझिमसारखे आंतरप्रवाही औषध आत भिनते, ते धुऊन जात नाही. म्हणून खरा बंदोबस्त बागेतच झाला पाहिजे.

आणि बागेत सर्वांत आधी विष झेलतो तो फवारणारा मजूर! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणाऱ्यास संरक्षक कपडे मिळालेच पाहिजेत, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत आहे. बुरशीनाशकेही त्याच कायद्याखाली येतात. हातमोजे आणि तोंडाला मास्क मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे.

भगवान बुद्धांनी उपासकाला विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला. विष दडवून फळ विकणे त्याहून वेगळे कसे म्हणावे?

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर औषधाच्या रिकाम्या डब्यावरील त्रिकोणाचे चित्र काढून सर्वांना समजावून सांगा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ज्यांना अक्षर येत नाही, त्यांनाही रंग कळतो.